सांगणे आणि लादणे



आपल्या वर्गातली मुले ज्या शाळांत जातात, तिथे नाना देशांची आणि नाना धर्मांची मुले एका बाकावर बसतात. डबा खाताना कधीतरी देवाचा विषय निघतोच. एखादी केरळची मैत्रीण सहज म्हणते, "येशू तुझ्यावर प्रेम करतो, माहीत आहे का तुला?" एखादा फिलिपिनो मित्र नाताळला चर्चमध्ये यायचे आमंत्रण देतो. घरी येऊन हे सांगितले की उत्तरे तीन प्रकारची मिळतात. आई म्हणते, "त्यांचा धर्म त्यांना, आपला आपल्याला." बाबा देव मानणारे नसतील तर म्हणतात, "देवबीव काही नसतो, तू अभ्यास कर." आणि आजी फोनवरून काळजीने विचारते, "त्या मुलीशी फार बोलत नाहीस ना रे?"

मुलाचा खरा प्रश्न मात्र तसाच राहतो. जो माणूस देवच मानत नाही, त्याला आपल्या देवाबद्दल सांगायला ख्रिस्ती माणसे का जातात? देवाला जर तो माणूस हवाच असेल, तर देव स्वतःच त्याला पटवून का देत नाही? आणि माणसाला स्वतःचे ठरवण्याची मोकळीक, म्हणजे इच्छास्वातंत्र्य, खरोखर असेल, तर कोणी कोणाला काही सांगावेच का?

माझे मत आधीच सांगून टाकते. आपल्या श्रद्धेबद्दल सांगण्यात काही वाईट नाही. ते ऐकण्यातही काही वाईट नाही. वाईट आहे ते लादणे. आणि लादणे नुसते वाईट नाही, ते फुकटही जाते. असे का, ते आता पाहू.

आधी ख्रिस्ती माणसाची बाजू समजून घेऊ. मराठीत 'गॉस्पेल'ला फार चांगला शब्द आहे, शुभवर्तमान. म्हणजे चांगली बातमी. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशू आपल्या शिष्यांना सांगतो की सगळ्या लोकांकडे जा आणि त्यांना शिष्य करा. तेव्हा ख्रिस्ती माणसासाठी सांगणे ही एक आज्ञा आहे. पण नुसती आज्ञा म्हणून माणूस किती दिवस सांगत राहील? त्यामागे आणखी एक गोष्ट असते. आपल्याला एखाद्या वैद्याचा गुण आला की आपण तो चार जणांना सांगतो. पंढरपूरहून आलेला माणूस बुक्का आणि लाह्यांचा प्रसाद आळीभर वाटतो. जे आपल्याला मोलाचे वाटते ते जवळच्या माणसापासून लपवून ठेवणे आपल्याला जमत नाही. देव न मानणाऱ्या मित्राला सांगणारा ख्रिस्ती माणूस पुष्कळदा याच भावनेने सांगतो. त्याला वाटते, हे इतके मोठे आहे आणि माझ्या मित्राला ते माहीत नाही, मग मी गप्प कसा बसू?

आता दुसरा प्रश्न. देव स्वतःच का पटवून देत नाही? यावर पुष्कळ ख्रिस्ती लोक असे उत्तर देतात की देवाला माणसाकडून प्रेम हवे आहे आणि प्रेम सक्तीने मिळत नाही. आईने कान पिरगाळून "माझ्यावर प्रेम कर" म्हटले तर मूल "करतो, करतो" म्हणेल, पण ते कान सोडवून घेण्यासाठी. म्हणून देवाने माणसाला हो म्हणायची आणि नाही म्हणायचीही मोकळीक दिली, असे ते मानतात.

नास्तिक माणूस इथे थांबत नाही, आणि त्याने थांबूही नये. तो विचारतो, "नाही म्हटले तर नरक, असे सांगत असाल तर ती मोकळीक कसली?" हा प्रश्न पोरकट नाही. खुद्द ख्रिस्ती लोकांतही यावर शेकडो वर्षे वाद झाले आहेत. सोळाव्या शतकातला कॅल्विन शिकवायचा की कोणाचा उद्धार व्हायचा ते देवाने आधीच ठरवलेले आहे. अठराव्या शतकात जॉन वेस्ली म्हणायचा की देवाची कृपा सगळ्यांसाठी खुली आहे आणि ती स्वीकारायची की नाकारायची हे माणसाच्या हाती आहे. तेव्हा बालमित्रांनो, तुमच्या मनात असा प्रश्न आला तर लाजू नका. तुमच्या आधी फार मोठमोठ्या माणसांना तो पडलेला आहे.

आता एक गंमत करून पाहा. समजा मी म्हटले, "हे घ्या शंभर दिऱ्हम. आत्ता जुलै महिन्यात उम्म अल कुवैनमध्ये बाहेर बर्फ पडतो आहे, असे पाच मिनिटे अगदी मनापासून माना." तुम्ही शंभर दिऱ्हमसाठी "हो, हो, पडतो आहे" असे म्हणाल. पण मनापासून मानता येईल का? हजार दिऱ्हम दिले तरी नाही. छडी उगारली तरी नाही. कारण विश्वास ही हुकमाने येणारी वस्तू नाही. दुसऱ्याच्या हुकमाने तर नाहीच, स्वतःच्या हुकमानेही नाही. मग आपल्या हातात काय उरते? ऐकायचे की कान बंद करायचे, खिडकीशी जाऊन बघायचे की नाही, विचार करायचा की टाळायचा, आणि जे पटले त्याप्रमाणे वागायचे की नाही. माणसाचे स्वातंत्र्य आहे ते इथे.

हे एकदा लक्षात आले की वरच्या कोड्याची गाठ सुटते. विश्वास हुकमाने आणता येत नाही, म्हणूनच ज्याला आपली श्रद्धा दुसऱ्यापर्यंत पोहोचवायची आहे, त्याच्याजवळ सरळ मार्ग एकच उरतो. सांगायचे, आणि थांबायचे. समोरच्याला स्वातंत्र्य आहे म्हणून सांगू नये, असे नव्हे. स्वातंत्र्य आहे म्हणूनच सांगावे लागते.

हे काही फक्त ख्रिस्ती लोकांचे नाही. भगवद्गीता आठवा. श्रीकृष्ण अठरा अध्याय अर्जुनाला समजावून सांगतो आणि शेवटाकडे येऊन म्हणतो की मी सांगायचे ते सांगितले, आता नीट विचार कर आणि तुला वाटेल तसे कर. प्रत्यक्ष भगवंतानेही शेवटचा शब्द अर्जुनाकडे ठेवला.

पण पालकांच्या मनातली शंका मला माहीत आहे. "हे ऐकायला ठीक आहे, इतिहासात असे झाले का?" रास्त प्रश्न आहे. त्यासाठी आपण आपल्याच मुलखातली उदाहरणे घेऊ. त्यांत सांगणेही सापडेल आणि लादणेही सापडेल.

पहिले गोव्याचे. फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट पाद्री 1579 साली गोव्यात आला. तो इथली भाषा शिकला आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' त्याने मराठीत लिहिले. ते 1616 साली छापले गेले. परक्या मुलखातून येऊन दुसऱ्याची भाषा इतक्या प्रेमाने शिकायची आणि तिच्यात आपली गोष्ट सांगायची, याला मी सांगणे म्हणते. पण त्याच गोव्यात पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली आणि 1560 साली इन्क्विझिशन, म्हणजे धर्माची कचेरी, बसवली. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाने चोरून जुने देव पुजले तर त्याला तिथे शिक्षा होत असे. म्हणजे एकदा हो म्हटले की पुन्हा नाही म्हणायची सोय नाही. ती कचेरी कायमची बंद झाली 1812 साली. त्या काळात कुशस्थळीचा मंगेश नदीपलीकडे प्रियोळला नेला गेला. आज आपण सुट्टीत ज्या मंगेशीला जातो, ते देऊळ तिथे का आहे याचे कारण हे आहे. कित्येक घराणी गाव सोडून कारवार-मंगळूरकडे गेली. आजीच्या आवाजात जी काळजी असते, तिची मुळे अशा आठवणींत आहेत. तिला हसू नये.

दुसरे उदाहरण रेव्हरंड ना. वा. टिळकांचे. नारायण वामन टिळक 1861 साली जन्मले. रत्नागिरी जिल्ह्यातले चित्पावन ब्राह्मण, आणि कवी. 1893 साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाशी त्यांचे बोलणे झाले. त्याने त्यांना बायबलमधला नवा करार वाचायला दिला. टिळकांनी तो वाचला, दोन वर्षे मनाशी झगडले, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या गृहस्थाने काय केले पाहा. एक पुस्तक दिले आणि तो आपल्या वाटेने गेला.

खरी परीक्षा मात्र पुढे होती. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई कर्मठ घरातल्या. नवरा ख्रिस्ती झाला हे कळल्यावर त्यांच्यावर आभाळ कोसळले. काही वर्षे त्या टिळकांपासून दूर, माहेरच्या माणसांच्या आधाराने राहिल्या. पुढे त्या नवऱ्याकडे परत आल्या, पण आपले सोवळेओवळे घेऊनच. ख्रिस्ती घरात त्यांचा जुना आचार चालू होता. त्या काळात नवऱ्याचा शब्द म्हणजे कायदा. टिळकांना जबरदस्ती करायची असती तर अडवणारे कोण होते? पण त्यांनी वाट पाहिली. जातीचा भेद देवाने केलेला नाही, माणसाने केला आहे, असे लक्ष्मीबाईंना स्वतःच्या विचाराने पटले. मग त्या हळूहळू बदलल्या आणि 1900 साली, नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हे सगळे त्यांनी 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात इतके मोकळेपणाने लिहिले आहे की धर्म कोणताही असो, मराठी घरात ते आवडीने वाचले जाते. त्यात नवऱ्याच्या विक्षिप्तपणावर हसणेही आहे. ज्या बाईला दडपून हो म्हणायला लावले असते, तिला असे हसता आले नसते.

टिळकांनी 1917 साली 'देवाचा दरबार' नावाची मंडळी सुरू केली. तिच्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही जागा होती. उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला ढकलू नये, हे त्यांना कळले होते.

तिसरे उदाहरण अवघड आहे, आणि म्हणूनच महत्त्वाचे आहे. पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या. तिथल्या ज्या धर्मभगिनींनी त्यांना आधार दिला, त्यांच्याशीही त्यांचे पत्रांतून कडक वाद झाले. मी ख्रिस्ती झाले म्हणून दुसऱ्याने सांगितलेले सगळे डोळे मिटून मानायला मी बांधलेली नाही, असा त्यांचा बाणा होता. त्याच रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' काढले. पुढच्या वर्षी ते पुण्याला गेले. सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही, प्रत्येकीने आपापला धर्म पाळावा, असे ठरलेले होते. रमाबाई स्वतःची प्रार्थना आपल्या खोलीत करीत, पण दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. 1893 साली यावरून पुण्यात मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि पुष्कळ पालकांनी मुलींना घरी नेले.

कोण बरोबर होते? रमाबाई म्हणत की मी कोणाला बोलावले नाही, पण येणाऱ्याला हाकलणारही नाही. हे खरे आहे. पण दुसरी बाजूही खरी आहे. ज्या मुलीला सासर नाही, माहेर नाही, जिचे जेवण आणि अंथरूण सदनात आहे, तिला त्या उघड्या दाराकडे पाठ फिरवणे किती सोपे होते? आणि तिसरी गोष्ट कोणीच फारशी विचारली नाही. ज्या समाजाने त्या मुलींचे केशवपन करून त्यांना अंधाऱ्या खोलीत बसवले होते, त्याने तरी त्यांची इच्छा कधी विचारली होती? मला वाटते, या प्रकरणातून घ्यायचा धडा असा. सांगणारा हाच जेव्हा खायला घालणारा, पगार देणारा, मार्क देणारा किंवा व्हिसा देणारा असतो, तेव्हा त्याने दुप्पट सांभाळून बोलावे. कारण त्याला नाही म्हणणे महाग पडते.

आता नास्तिकांकडे वळू, कारण लादण्याचा रोग फक्त श्रद्धाळू माणसांनाच होतो असे नाही. ज्या 1895 साली टिळक ख्रिस्ती झाले, त्याच वर्षी जून महिन्यात गोपाळ गणेश आगरकर वारले. 'केसरी'चे पहिले संपादक, मग 'सुधारक'चे. बुद्धीला जे पटत नाही ते मानायचे नाही, असा त्यांचा कडक बाणा. पुण्यातल्या लोकांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी त्यांनी लिहिणे सोडले नाही. पण घरात त्यांच्या पत्नी यशोदाबाई देवधर्म करीत, आणि आगरकरांनी आपली मते त्यांच्यावर लादली नाहीत. साऱ्या महाराष्ट्राला परखडपणे सांगणारा हा माणूस घरात नाही ऐकून घेऊ शकत होता.

अलीकडचे उदाहरण डॉ. श्रीराम लागू यांचे. तुमच्या आईबाबांना ते नट म्हणून ठाऊक आहेत. देवाला आता निवृत्त करा, असे ते उघड म्हणत. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यांच्याबरोबर गावोगाव वादसंवादाचे कार्यक्रम करीत. दाभोलकर म्हणत, आमचा विरोध फसवणुकीला आणि शोषणाला आहे, देव मानणाऱ्या माणसाशी आमचे भांडण नाही. एका व्यासपीठावर दोन मते, आणि समोर हजारो श्रद्धाळू श्रोते! लागू सांगत होते, लोक ऐकत होते, काही रागावत होते, आणि घरी जाऊन पूजाही करीत होते. ख्रिस्ती माणसाने नास्तिकाला सांगावे, तसेच हे नास्तिकाने श्रद्धाळूंना सांगणे होते. एकाला मुभा द्यायची आणि दुसऱ्याचे तोंड बंद करायचे, हा न्याय नव्हे. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात दाभोलकरांचा गोळ्या घालून खून झाला. समोरच्याचे सांगणे सहन होत नाही, तेव्हा माणूस कुठवर जाऊ शकतो, ते त्या दिवशी दिसले.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, हे तिकडचे झाले, आपण राहतो तिथले काय? तर आपल्या गावाची गोष्ट ऐका. आपल्या किनाऱ्यासमोर सिनिया बेट आहे. तिथे एका जुन्या ख्रिस्ती मठाचे अवशेष सापडल्याचे नोव्हेंबर 2022 मध्ये जाहीर झाले. सहाव्या शतकाच्या अखेरीपासून आठव्या शतकापर्यंत तो नांदता होता, असे अभ्यासक सांगतात. चर्च, भोजनाची खोली, पाण्याची टाकी, रोटी भाजायची भट्टी आणि बाप्तिस्म्याचे कुंड, असे सगळे तिथे आहे. शेजारी मोती काढणाऱ्या लोकांची वस्ती होती. याच काळात या किनाऱ्यावर इस्लाम आला. पण मठात जाळपोळीच्या किंवा मारामारीच्या खुणा नाहीत. काळ बदलला, लोकांची श्रद्धा हळूहळू बदलली, आणि मठ शांतपणे ओस पडला. आज इथल्या मुसलमान राज्यात त्या ख्रिस्ती मठाच्या भिंती जपून ठेवल्या जात आहेत.

या देशाचा कायदाही लक्षात ठेवला पाहिजे. इथे आपापल्या पद्धतीने पूजा-प्रार्थना करता येते, पण मुसलमानांना दुसऱ्या धर्माकडे वळवायचा प्रयत्न करायला मनाई आहे, आणि कोणाच्याही धर्माचा अपमान करणे हा गुन्हा आहे. आपण इथे पाहुणे आहोत. यजमानाच्या घरचा नियम पाळावा.

मग बालमित्रांनो, तुमची मैत्रीण येशूबद्दल सांगू लागली तर काय करायचे? ऐका. प्रश्न विचारा. तिने चांगल्या भावनेने सांगितले म्हणून तिचे आभार माना. पटले नाही तर "मला असे वाटत नाही" एवढे हसून सांगा. त्यानंतरही तिने डब्यातला केक तुम्हाला दिला, तर ती खरी मैत्रीण. आणि तुमच्या "नाही"ने ती रुसली, अबोला धरला, किंवा "तू नरकात जाशील" म्हणून घाबरवू लागली, तर ते सांगणे राहिले नाही. तेव्हा घरी येऊन सांगा. तुम्ही तिला गणपतीच्या आरतीला बोलवाल तेव्हा हाच नियम तुम्हालाही लागू. ती आली तर आनंद, प्रसाद घेतला नाही तर राग नाही.

आणि पालकहो, सगळ्यांत कठीण धडा आपल्यासाठी आहे. मुलांना खायला आपण घालतो, फी आपण भरतो, म्हणजे नाही म्हणणे सर्वांत महाग आपल्यालाच पडते. मुलांना शुभंकरोती शिकवावे, आपले सण, आपले संत, आपली श्रद्धा किंवा आपली अश्रद्धा, जे असेल ते मनापासून सांगावे. ते आपले कर्तव्यच आहे. न सांगता वाढवलेल्या मुलाला निवड कशातून करायची तेच कळत नाही. पण उद्या सोळा-सतरा वर्षांचा मुलगा म्हणाला, "बाबा, मला हे पटत नाही," तर त्या दिवशी रात्रीचे जेवण नेहमीसारखेच वाढले गेले पाहिजे. मग त्याला आपला देव पटत नसो, की आपली नास्तिकता पटत नसो.

तुम्हाला काय वाटते? मुलांनी दहा ओळींत आपले मत लिहून पुढच्या वर्गाला आणावे. माझ्याविरुद्ध लिहिले तरी चालेल. पालकांनी ते आधी तपासू नये, एवढीच विनंती.